बोटुकली होण्याआधी

लाव्ह्याच्या टेकडीखाली, ओढ्यात
मच्छरदाणीचे तुकडे ताणून बांधले आम्ही.
एक वीस पावलांवर, एक पन्नासवर,
एक पार खाली, पुलाच्या पाइपापाशी.
सुकरू नान्हे म्हणाले, "बाई, रातीच निंगतेत हे.
दिवसा पाह्यसान, त कोनीच नाई."

दोन वाजता बॅटरीला लाल कागद लावून मोजली.
जिऱ्याएवढी. म्हणतातही जिरेच.
अंग काचेचं, आरपार,
डोळे तेवढे आधीच पुरे झालेले.

पहिल्या जाळीत एकशे बारा.
दुसरीत नऊ.
पुलापाशी एक.

मला वाटायचं, पाणी नेतं सगळ्यांना.
नाही नेत.
बहुतेक जण हाकेच्या अंतरावरच
एखादा दगड धरतात,
त्यामागच्या वीतभर संथ पाण्यासाठी
आपल्याच पाठच्याला ढुसण्या देतात.
दगड न मिळालेला जातो.
पुलाच्या पुढे अंबाझरी,
मग सांडवा,
मग नाग नदी म्हणायचं आणि नाक दाबायचं, ते शहर.

सुकरूंनी तो एक वाटीत घेतला.
बराच वेळ पाहिला.
"माह्या धाकला असाच बसे पंगतीत,
सगळ्याईच्या शेवटी.
भाजी सरली का उठून जाये, बोले नाई."

मग विचारलं, "याले कोन्या अंगाला सोडू,
वर का खाली?"

वहीत रकाने होते:
अंतर, संख्या, लांबी, पाण्याचं तापमान.
मी पेन्सिलीचं टोक ओलं करत राहिले.
वाटीतलं पाणी तोवर
त्यांच्या तळहाताइतकं कोमट झालं होतं.