शरबती गव्हाच्या तळाशी

रविवारी चारही फोन गव्हाच्या कोठीत पुरले,
कोपरापर्यंत हात घालून.
चारूनं झाकण लावलं, वर पाटा ठेवला.
"रात्री दहापर्यंत. कोणी मेलंच तर येतील सांगायला."

पहिला तासभर मी खिसाच चाचपत होतो.
टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही चौघं,
जरा फुगलेले.

सुदामानगरात थंडी उतरली तशी
गराडू सोलायला बसलो. बोटांना खाज सुटली,
तशीही स्क्रीन चालली नसती या हातांनी.

"जीरावन कुठंय?"
जाड, अनोळखी आवाज.
दारात कोणी आलं वाटून मी वळलो.
निषाद होता. आमचाच.
आवाज कधी फुटला याचा?
वरच्या खोलीतून तो मला लिहितो:
बाबा, पाणी गेलं. बाबा, फीचे पैसे.
मी अंगठा पाठवतो.

"पुन्हा म्हण."
"काय?"
"काहीही. जीरावनच म्हण."
तो लाजला. धाकटी लोळून हसली.

तेवढ्यात कोठी थरथरली,
पत्र्याच्या पोटात मधमाश्या शिरल्यासारखी.
चारूनं माझ्याकडे पाहिलं.
मी उठलो,
आणि आणखी चार फोडी तेलात सोडल्या.