तिसरं वाक्य

जीन. आमच्या द्युला भाषेत याला शब्द नव्हता.
बोबो-जुलासोच्या कचेरीत तीन दिवस बसलो
मी, एक निवृत्त मास्तर, एक रेडिओवाला
आणि पाठ उसवलेला फ्रेंच शब्दकोश.
रेडिओवाला म्हणाला, बी म्हणू.
मास्तर म्हणाले, मग विचारतील, पेरलं कुणी.
शेवटी ठरलं: रक्तातला निरोप.
दिवसाचे पाच हजार फ्रँक, सही करून.

मग सिंदेबा गाव.
नेरेच्या झाडाखाली शाळेतली बाकं,
पुढे पागोटी, मागे शियाच्या बिया निवडणाऱ्या बायका.
वागादुगूचे डॉक्टर इल्बूदो बोलत गेले, मी सांगत गेले:
हा डास नर आहे. चावत नाही.
याच्या रक्तातला निरोप आम्ही बदललाय.
याच्या वंशात मुली जन्मणार नाहीत.

मागून नाबिंतू कुंभारीण म्हणाली,
ज्या घरात मुली जन्मत नाहीत
त्या घराला आम्ही शापित म्हणतो.
तुम्ही त्याला औषध म्हणता होय?
सगळे हसले.
डॉक्टरही हसले, जरा उशिरा,
मी फ्रेंचमध्ये पोचवल्यावर.

पुढच्या आठवड्यात राजधानीतून दुसरे आले,
एकसारखे हिरवे शर्ट, भोंगा.
आम्ही प्रयोगशाळेतले उंदीर नाही, असं म्हणाले.
दुभाषी मीच. पैसे थोडे कमी.
उंदीर कोण म्हणालं, गावाने विचारलं,
उंदीर तर आमची बाजरी खातात.
एका पोराने विचारलं, तुम्ही रात्री मच्छरदाणीत झोपता?
हो, म्हणाले.
आणि तुमच्या गल्लीत या वर्षी तापाने किती गेली?
भोंगा थोडा वेळ नुसताच खरखरला.

कागद घेऊन डॉक्टर परत आले त्या दिवशी
ऊन असं, की कोंबड्यासुद्धा जीपखाली.
नाबिंतू उभी राहिली. हात कोपरापर्यंत मातीचे.
सोडलेला डास परत बोलावता येतो का?

डॉक्टरांनी तीन वाक्यं सांगितली.
पहिलं: कितीतरी वर्षं आम्ही त्याला जाळीत ठेवून पाहिलंय.
दुसरं: तुम्हाला विचारल्याशिवाय एकही सोडणार नाही.
तिसरं: नाही, आणि पुढचं सगळं आम्हालाही ठाऊक नाही.

मी दोन सांगितली.

माणूस खोटा नव्हता. त्याने सांगितलं होतं.
माझ्या बहिणीची आवा साडेतीन वर्षांची होती,
ताप मेंदूत चढला, दवाखाना नदीपलीकडे, नदीला पूर.
त्यामुळे गाळलं, की नुसता घसा सुकला,
मला अजून नक्की सांगता येत नाही,
आणि माझं भाषांतर तपासणारं
त्या झाडाखाली कुणी नव्हतं.

जांभळ्या शाईत अंगठे उमटत गेले.
नाबिंतू म्हणाली, माझ्या हाताला माती आहे,
आणि निघून गेली.

सुगी संपल्यावर मी तिच्या भट्टीवर गेले.
नको असलेला एक घडा निवडला,
आणि पैसे मोजता मोजता
ते वाक्य सांगून टाकलं, जसंच्या तसं.

तिने मान वर केली नाही.
म्हणाली, कळलं होतं.
तो थांबल्यावर तू पाणी प्यायलीस. तहान नसताना.

मग घड्यावर टिचकी मारली, कान लावला,
तडा नाही म्हणाली,
आणि किंमत शंभर फ्रँकने वाढवली.