पाणरेघ

रासईच्या यार्डात मी बार्जचा गंज काढतो.
सतरा वर्षं.
हातोडी, तारेचा ब्रश, ग्राइंडर, मग लाल प्रायमर, दोन हात.
पत्रा सगळ्यात जास्त कुठं झिजतो, ठाऊक आहे?
तळाला नाही.
जिथं पाणी चढतं-उतरतं त्या रेघेवर,
एकदा ओला, एकदा उन्हात.

सुलक्षाला दिवस गेले.
आपल्यात असं का म्हणतात कोण जाणे.
दिवस गेले,
आणि मग दिवस खरंच गेले.

आठव्या आठवड्यात पहिल्यांदा.
दुसऱ्यांदा नवव्यात, चवथीच्या आदल्या सांजेला,
माटोळीला बांधायच्या सुपाऱ्या
तिच्या ओटीत तशाच.
तिसऱ्यांदा अकराव्यात.
तेव्हा तिनं कॅलेंडरवर सोनोग्राफीची तारीख लिहिली होती,
पेन्सिलीनं.

तिची फाईल जाड होत गेली.
थायरॉईड, साखर, रक्त गोठतं का, पिशवीचा आकार.
सगळं नॉर्मल.
शेवटी शेवटी हा शब्द तिला शिवीसारखा लागे.

आईनं कौल लावला. पाकळी उजवीकडून पडली.
"देवाचं काही अडत नाही," आई म्हणाली,
"हिचंच अंग धरत नाही."
मी मान खाली घालून ताटात काटा शोधत राहिलो.
सोमवार होता.
ताटात मासा नव्हता.

मडगावच्या डॉक्टर फुर्तादोंनी पहिल्यांदा विचारलं,
"आणि ह्यांचा रिपोर्ट?"
माझा?
माझं काय, दिवस तर राहतात ना!

बाटलीवर माझं नाव चुकीचं लिहिलेलं.
संडासाची कडी बसेना,
मी एक पाय दाराला लावून उभा.
संख्या भरपूर आली, हालचाल बरी.
बाहेर येऊन मी हसलोसुद्धा,
एक विडी ओढली.

दुसरी तपासणी मुंबईला गेली.
तुटलेले धागे : अडतीस टक्के.
डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर चित्र काढलं,
डोकं, शेपूट, डोक्यात गुंडाळलेलं सूत.
"पोचतात. आतही शिरतात.
पण नेलेली चिठ्ठी फाटकी असते.
बायकोचं बीज जमेल तेवढं शिवून घेतं.
कधी ते शिवण आठ आठवडेच पुरतं.
ह्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, म्हणजे..."
"गंज," मी म्हटलं.
त्या थांबल्या. "साधारण तसंच.
पण तिन्ही यामुळंच गेली, असं मी सांगणार नाही.
कारणं पुष्कळ असतात. हे एक असू शकतं."

मग त्यांनी विचारलं, मी सांगत गेलो.
एप्रिलात बंद टाकीत आठ तास.
दिवसाला बंडल. शनिवारची फेणी, रविवारची पण.
नवी पिढी घडायला अडीच महिने लागतात म्हणाल्या.
हमी कसलीच नाही.

दुर्भाटच्या फेरीत आम्ही कठड्याला टेकून उभे.
मला वाटलं ती रडेल.
निदान ओरडेल.
तिनं माझा एकुलता कागद घेतला,
आपल्या फाईलीत मध्येच कुठंतरी सरकवला,
आणि म्हणाली,
"एकवीस सुया टोचून घेतल्या मी."
एवढंच. फेरी लागेपर्यंत.

घरी आई आदोळीवर नारळ खोवत होती.
मी चपला न काढताच म्हटलं,
"आई, ते माझ्यात आहे."
आदोळी थांबली.
खोबऱ्याचा कीस तिच्या अंगठ्याला चिकटलेला.
मग पुन्हा सुरू झाली, हळू,
करवंटी लागेपर्यंत,
करवंटी लागल्यावरही.

आज चौतिसावा दिवस.
सुलक्षा डब्यात दोन आवळे ठेवते. बोलत नाही, पण ठेवते.
मालकाला सांगून मी टाकीतलं काम सोडलं,
कारण सांगितलं पाठदुखी.
तेवढं खोटं अजून आहे माझ्यात.

ओहोटी लागली की बार्जच्या पोटावर
रेघ उघडी पडते, तांबडी, पापुद्रे सुटलेली.
पूर्वी मी ती बघायचो नाही, नुसती खरवडायचो.
आता आधी तळहात ठेवतो.
पत्रा ऊन असतो.