सतरा-ब

मोफिझुलने जाताना सायकल पाच दिनारला दिली,
वर दुधाच्या पावडरचा एक डबा घेतला, बहिणीच्या पोरासाठी.
काळी, अठ्ठावीस इंची, दांडीच्या ब्रेकची,
कॅरियरला सात वर्षांच्या मासळीचा वास.
मुहर्रकच्या आतल्या गल्ल्यांत व्हॅन शिरत नाही,
आणि हज्जी मन्सूरच्या कोल्ड स्टोअरमधून
रोज चाळीस गॅलन पाणी घरोघर जातं,
एका खेपेला एक,
माझ्या उजव्या खांद्यावरून.

पहिल्यांदा मीच केलं, घाईत.
फोर्कला कांबी बांधल्या, कांबींवर फळी,
फळीवर दोन गॅलन, म्हणजे चाळीस किलो.
मशिदीच्या कोपऱ्यावर हँडल वळवलं,
पाणीही वळलं,
आणि वळतच राहिलं.
मी एकीकडे, चप्पल एकीकडे.
ऑगस्टच्या डांबरावर सगळं सांडलं
आणि मी उठून पँट झटकेपर्यंत
खाली नुसता एक नकाशा उरला होता,
तोही कडेकडेने आत ओढला जाणारा.
हज्जीने पैसे कापले नाहीत. बोलला भरपूर.
अरबीत बोलला, म्हणून कमी लागलं.

फुरूसचे दाऊद परकार इथे लोखंडी गेटं करतात.
त्यांनी सायकल आडवी पाडली, उभी केली,
दांडीवर बोटाने टकटक करून कान लावला,
जसा कोणी फणस वाजवून बघतो.
म्हणाले, "बोजा हँडलावर नको रे, हाडावर ठेव.
हँडलाचं काम वळायचं. त्याला वळू दे."

उन्हाळ्यात बारा ते चार बाहेरची कामं बंद,
तेव्हा आमचं शेडमध्ये सुरू.
पुढचं चाक काढून वीस इंची घातलं,
कचऱ्याशी टाकलेल्या पोराच्या सायकलचं,
स्पोकांत अजून दोन निळे मणी होते.
नाक खाली गेलं, म्हणून फोर्कला चार इंच पाईप जोडला.
चाकावर वीतभर जागा निघाली,
तिथे, बुटका, चौकट असलेला ओटा,
दांडीला आणि गळ्याला वेल्ड मारून.
मागे जाड स्पोक, बावीस दात्यांची फ्रीव्हील,
दोन पायांचा स्टँड, म्हशीसारखा रुंद.
पुढचा ब्रेक गेला. मागचा एकच.
"उतार कुठे आहे इथे?" परकार म्हणाले,
आणि खरंच, मुहर्रकमध्ये उतार नाही.

ओट्याचं अँगल आमच्या खोलीतलं.
दत्ताराम पाष्टे गेला तेव्हा वरचा पलंग काढला होता,
पांढऱ्या रंगात नंबर, सतरा-ब,
आणि उशाच्या बाजूला खिळ्याने ओढलेल्या रेघा,
महिन्याला एक. मी मोजल्या नाहीत.
परकारांनी ग्राइंडर उचलला, रेघा बघितल्या,
आणि जोडापुरतंच घासलं.

आता एका खेपेला चार गॅलन.
वर कधी तांदळाचं पोतं, कधी गॅस,
एकदा सलूनवाल्या शाजीची गावी जायची खोकी.
वजनकाट्यावर तीन वेळा सोडून तीन वेळा बांधलेली.
विमान तीस किलोंवर अडतं.
हिने विचारलंसुद्धा नाही.
मणी मी काढले नाहीत,
पोरं त्यांचा आवाज ऐकून रिकामे गॅलन दारात आणतात.

परवा पाष्टेला फोनवर सांगितलं,
तुझा पलंग गावभर फिरतोय म्हणून.
आधी हसला. उंच माणूस,
बारा वर्षं पाय बाहेर काढून झोपला.
मग खोकला, मग म्हणाला,
"करकरतो काय रे अजून?"

करकरतो.
डावीकडे वळताना.

"हां," म्हणाला, "मी त्याच कुशीवर वळायचो."