एक गोळी कमी

दर दुसऱ्या मंगळवारी मी गोळ्या मोजते,
निळ्या ट्रेवर, चपट्या चमच्याने, पाच-पाचचे ढीग.
अनाक्लेतोचा हिशोब कधी चुकला नाही.
चौदा नेल्या, चौदा गिळल्या,
रिकाम्या बाटलीच्या झाकणाला केळीच्या चिकाचे काळे डाग.

रिबेइराच्या दोन्ही काठांना केळीच केळी.
बागेत उतरायचं तर गुडघ्यापर्यंत बूट,
कारण पाचोळ्यात पाचोळ्याच्याच रंगाची जराराका असते.
त्याच्या थोरल्या भावाने, झेफेरिनोने,
एका रविवारी बूट धुऊन वाळत घातले होते.
"थंड पडत गेला," अनाक्लेतो सांगतो,
"नाडी माझ्या बोटांतून निसटली, ओल्या साबणासारखी."

संमतीपत्र अकरा पानांचं. त्याने विचारलं,
वाल्दिरेने, तू आपल्या भाषेत सांग.
मी म्हटलं, त्याच सापाच्या विषाकडे काही लोकांनी
खूप वर्षांपूर्वी निरखून पाहिलं,
आणि दाब उतरवणाऱ्या गोळ्यांची पहिली वाट तिथून निघाली.
ही त्या गोळ्यांची धाकटी भाचरं समज.
तुझ्या अंगात दोन कारकून आहेत, एन्झाइम म्हणतात त्यांना.
एक शिरा आवळायचे हुकूम टाइप करतो,
दुसरा शिरा सैल करणारी पत्रं फाडून टाकतो.
ही गोळी दोघांना एकाच खुर्चीला बांधते.

तो बराच वेळ हसला. मग मोठ्या अक्षरांत सही केली.

१८२ वर ११०.
१५६ वर ९४.
सहाव्या मंगळवारी १२६ वर ८०,
मी पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेच.
त्याने तो कागद मागून घेतला
आणि घरी फ्रिजला चिकटवला, फुटबॉलच्या वेळापत्रकावर.

कारकुनांचं आणखी एक काम मी सांगितलं नव्हतं.
म्हणजे नवव्या पानावर होतं, बारीक टाइपात.
संध्याकाळी दोघं मिळून केर काढतात.
ब्रॅडीकायनिन नावाचा केर, रोजचा, थोडासाच.
एकाला बांधलं तर दुसरा झाडू उचलतो.
दोघांना बांधलं तर
केर घरातच साचतो.

शुक्रवारी रात्री डोमिनो खेळता खेळता
त्याचा ओठ जड झाला, मग गाल, मग जीभ.
जिभेला हाड नसतं, म्हणून ती कितीही वाढते,
तोंडभर, दातांबाहेर.
शेजारी ओरडले, साप! साप!
कुणी कंदील आणला, कुणी कोयता,
अख्खं अंगण झाडून काढलं,
निल्साने त्याचे पाय मांडीवर घेऊन
टाचेपासून गुडघ्यापर्यंत दातांच्या खुणा शोधल्या.
दवाखान्यात विषावरचं औषध बर्फातून काढून ठेवलेलं.
मी धावत पोचले आणि म्हणाले, ते नको.
दंश झालेला नाही.
मग काय झालंय, असं निल्साने विचारलं.
श्वासनळीत नळी जाईपर्यंत
मला उत्तर द्यावं लागलं नाही, एवढंच बरं.

रविवारी नळी निघाली.
घोगऱ्या आवाजात त्याचा पहिला शब्द: "किती?"
१२४ वर ७८.
"मग गोळी का थांबवता?"

सोमवारी साओ पाउलोहून माणूस आला,
सीलबंद पाकीट उघडलं, नाव वाचलं, मान हलवली.
मला म्हणाला, आता चाचणीच थांबेल बहुतेक,
औषध चांगलं आहे हो, नको तितकं.
आणि माझ्या पेनने फॉर्म भरून पेन घेऊन गेला.

आज मंगळवार. अनाक्लेतोने बाटली परत आणली.
शेवटचा हिशोब: चौदा नेल्या,
शुक्रवार सकाळपर्यंत तीन गिळल्या, उरायला हव्यात अकरा.
पाच, पाच.

मी ट्रे तिरका केला, बाटली उलटी आपटली.
तो खिडकीबाहेर बघत होता,
उजवा हात शर्टाच्या खिशावर,
तिथे कागदाची एक घडी डोकावत होती.
दाब १७४.
रकान्यात मी लिहिलं: हरवली.