चाळीस रुपयांची ट्यूब

माघात मिरचीच्या पथाऱ्या पडल्या
की गिऱ्हाईक शिंकत शिंकतच चढतं माझ्या दुकानाची पायरी.
काउंटरवर कोरफडीची कुंडी आहे,
तिलाही ठसका लागत असावा.

सोजरबाई भोई येते सव्वासहाला,
दिवसभर देठं खुडून.
पदराची गाठ ती नखांनीच सोडते.
बोटांची पेरं कुठंच टेकवायची नाहीत तिला,
डोळ्याला नाही,
नातवाच्या गालाला तर नाहीच.
"भाऊ, तीच दे. चाळीसवाली."

ती मीच दिली होती,
पोळ्याच्या आधी, फार विचार न करता.
परकराच्या नाडीखाली उठलेला एक गोल,
रुपयाएवढा, म्हणाली होती.
तीन दिवसांत खाज गेली.
मला मेथीच्या दोन जुड्या आणून दिल्या तिनं.

गजकर्ण म्हणतात त्याला.
नाव हत्तीच्या कानाचं,
आणि ऐकत मात्र कुणाचंच नाही.
खाज थांबली की ट्यूब थांबायची,
ट्यूब थांबली की तो निघायचा कडेकडेनं.
सातपुड्यातला वणवा रात्री दुरून दिसतो ना,
मधे काळं, काठावर जाळ,
तसा.

मला कसं दाखवणार ती?
सलाईनच्या खोक्यांमागं शैलजानं पाहिलं.
बाहेर आली, माझ्याशी बोलली नाही.
फळीवरचं ट्यूबचं खोकं उचलून
खाली, झुरळांच्या पावडरीशेजारी ठेवलं.
मग एवढंच म्हणाली,
"कांद्याची साल झालीय कातडी. शिरा मोजता येतात."

"नाही देत," मी म्हणालो.
"काबर? पैसा शेतस ना मनाजोडे."
कसं सांगू?
ही ट्यूब खाजेचं तोंड दाबते
आणि मुळाला खत घालते.
हे मला पोळ्याआधीही ठाऊक होतं, सोजरबाई.

सिव्हिलला चामडीचा डॉक्टर मंगळवारी बसतो.
मंगळवारी खाडा पडतो.
दोघंही गप्प बसलो थोडा वेळ.

मग मी सांगत सुटलो, उशिरा शहाणा झालेला माणूस सांगतो तसं:
नाडीखालचा घाम टिपून घे,
परकर उलटा करून कडक उन्हात टाक,
नातवाचा टॉवेल निराळा ठेव,
आणि डाग गेला असं वाटलं
तरी डॉक्टर सांगेल तितके दिवस लावत राहा.
हाताला आधी तेल चोळ, मग साबण,
नुसत्या पाण्यानं तिखट उतरत नाही.
इथं मात्र ती हसली.
"हाई मले नको सांगू.
मना जनम गया त्याम्हा."

होळीच्या आदल्या दिवशी आली,
खोबरेल घ्यायला.
खाज नाही, म्हणाली, डाग काळा पडलाय, पडू दे.
हाताची उलटी बाजू
कडेवरच्या पोराच्या गालावर फिरवत होती,
पेरं वर उचलून,
गरम तव्याजवळून भाकरी सरकवावी तशी.

खोक्यात सव्वीस ट्यूबा होत्या.
कंपनी परत घेत नाही.
काल एक ट्रकवाला आला, सुरतेकडं निघालेला,
इंजिन चालूच ठेवून.
मांडी खाजवत म्हणाला, ती दे, चाळीसवाली.

पंचवीस आहेत आता.
शैलजानं अजून मोजल्या नाहीत.