गाभा

राहते पाषाणला,
आणि पाषाण वाचायला दोन बस बदलून भोसरीला जाते.
तांबोळी या वाक्याला अजून हसतो,
अकरा वर्षं झाली तरी.

शेडमध्ये लाकडी पेट्या, नऊ विहिरींचा गाभा.
लाल रेघ उजवीकडे धरायची, काळी डावीकडे,
म्हणजे आभाळ कुठल्या बाजूला होतं ते कळतं.

इथला नव्हे हा दगड.
विंध्य खोऱ्यातून ट्रकने आला, पेंढ्यात गुंडाळून.
पुण्यात सगळा थिजलेला लाव्हा,
रस्त्यासाठी टेकडी कापली की मधेच एक तांबडा पट्टा दिसतो,
मातीला मिळालेली तेवढीच उसंत.

काळा शेल फोडला की रॉकेलसारखा वास.
"चावून बघा मॅडम," तांबोळी म्हणतो.
करकरला तर रेती,
लोण्यागत लागला तर निव्वळ चिखल.
चावते.
शंभर कोटी वर्षांपूर्वीचा तळ,
मासा नाही, गांडूळ नाही,
उकरायला कुणीच नव्हतं
म्हणून थर वहीच्या पानांसारखे शाबूत.

भिंतीवर नऊ पट्ट्या, टाचण्या, पिवळा दोरा.
पाचवीत जो थर बाराशे मीटरवर
तो सहावीत साडेतेराशेवर, सातवीत पुन्हा वर.
दोरा ताणायचा आणि म्हणायचं, हा तोच.
कंपनीला एवढंच हवं असतं,
हा तोच का,
आणि वायू कुठे अडून बसलाय.

आठवीत दोरा थांबतो.
पेटी एकशे सहा. तुकड्यांच्या जागी लाकडी ठोकळा,
त्यावर चिठ्ठी:
गाभा मिळाला नाही, ४.२० मी.
अक्षर माझं.

म्हणजे त्या रात्री रिगवर मी होते.
थंडी आठवते. जनरेटर.
बॅरल रिकामं वर आलं,
आणि चिखलाच्या टाकीत बुडबुडे,
की ते मी नंतर रचले?
नोंदवहीत नाहीत.

"ओढा की सरळ," तांबोळी म्हणतो,
"सव्वाचार मीटरला कोण विचारतंय?"
सोमवारी अहवाल द्यायचाय.
टाचणी काढते, पुन्हा लावते,
शेवटी दोरा कापते.
मधे तुटक रेघ, पेन्सिलीची.

परतताना सूसच्या वळणावर रस्ता खणलेला.
आमच्या सोसायटीला गॅसची पिवळी नळी येतेय.
एक पोरगा ब्रेकरवर अख्खा भार टाकून उभा,
कातळ दाद देत नाही.
मला थांबलेली बघून मशीन बंद करतो.
"अजून किती खोल असंल हो हे?"
"खूप."
"आन् त्याच्या खाली?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेते.
तो ब्रेकरचं टोक बदलतो.